बेटांची एकी आणि आपली पूरगावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत मी गेली काही वर्षं बेटांविषयी बोलत फिरतोय. कधी ग्रामपंचायतीच्या सभागृहात, कधी दूध संस्थेच्या कट्ट्यावर, कधी तालमीत. लोक प्रश्न विचारतात, आणि बहुतेक ठिकाणी तेच ते विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. खालचे प्रश्न लोकांचेच आहेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग बेटांचं आम्हाला काय?

२०१९ चा ऑगस्ट आठवा. प्रयाग चिखली, आंबेवाडी, कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर ही गावं त्या आठवड्यात बेटंच होती. चारी बाजूंनी पाणी, वीज नाही, रस्ता नाही, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. आमच्या गावात शाळेच्या वरच्या मजल्यावर तीनशेच्या आसपास माणसं होती. पहिल्या रात्री सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: गोठ्यातली जनावरं सोडली का नाही? दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा आलं. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

पण ‘पाण्यानं वेढलेलं’ एवढ्यावर हे साम्य संपत नाही. शिरोळ हा मुळात कमी पावसाचा तालुका. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळात जेमतेम पाचशे. शिरोळात ऊन पडलेलं असताना पूर येतो, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. पाणी वरचं, बुडतो आपण. किरिबाटी किंवा मालदीवच्या माणसाचं दुखणं हेच आहे. धूर सोडला दुसऱ्यांनी आणि पाणी शिरतंय त्यांच्या अंगणात. अशा वेळी आपल्या गावापुरता विचार करून भागत नाही, वरच्यांशी बोलावं लागतं. एकट्या गावाचं वरचा ऐकत नाही. बेटांना हे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी उमगलं, म्हणून त्यांच्याकडे बघायचं.

ही लहान बेटं म्हणजे नेमकी कुठली?

तीन पट्टे लक्षात ठेवले तरी पुरे. प्रशांत महासागरातली फिजी, तुवालू, किरिबाटी, वानुआतू, सामोआ, टोंगा, मार्शल बेटं. कॅरिबियन समुद्रातली बार्बाडोस, ग्रेनेडा, डॉमिनिका, जमैका, अँटिग्वा आणि बार्बुडा. आणि आपल्या हिंदी महासागरातली मालदीव, सेशेल्स, मॉरिशस. सगळ्यांची मिळून लोकसंख्या साधारण साडेसहा कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. तुवालूत तर अकरा हजारांच्या आसपासच माणसं राहतात. आपल्याकडे एवढं एखादं मोठं गाव असतं. जगात जो कर्बवायू सोडला जातो त्यात या साऱ्या देशांचा वाटा एक टक्काही भरत नाही.

समुद्र असा किती वर आलाय? वीतभर पाण्यानं काय होतंय?

१९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वाढली. म्हणजे खरोखर वीतभरच. पण वाढीचा वेग आता चढता आहे. २००६ ते २०१८ दरम्यान ती वर्षाला ३.७ मिलिमीटरनं वाढत होती, आणि पश्चिम प्रशांत महासागरात वेग सरासरीहून जास्त राहिला आहे.

मालदीवची सुमारे ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे. तिथं वीत म्हणजे काय, हे पूरपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाणी उंबऱ्याशी थांबलं का उंबरा ओलांडून आत आलं, हा वीतभराचाच फरक असतो. शिवाय बेटाचा घात बुडण्याच्या कितीतरी आधी होतो. खारं पाणी जमिनीखालून गोड्या पाण्यात शिरतं. विहिरी मचूळ होतात, तारोची शेती जळते. तारो म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा कंद, तिकडचं रोजचं अन्न. माणूस पायाला पाणी लागण्याआधीच गाव सोडतो, कारण प्यायला पाणी उरत नाही.

आपल्याकडच्या पुराचंही मूळ त्याच तापण्यात आहे. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. तेवढं जास्त पाणी मग सह्याद्रीच्या माथ्यावर थोड्या दिवसांत ओतलं जातं. २०१९ च्या पुराला हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. धरणांचे विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं, रस्त्यांचे भराव हे सगळं त्यात आहे. पण पाऊस पडण्याची रीत बदलली आहे, हे खरं.

एवढी विखुरलेली बेटं एकत्र आली तरी कशी?

आपल्याकडे पैरा असतो. आज तुझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या. पैसे नसलेल्या माणसांनी काढलेली ही तोड. बेटांनी केलं ते जवळपास हेच.

नोव्हेंबर १९८९ मध्ये मालदीवची राजधानी माले इथं लहान देशांची समुद्रपातळीवर परिषद झाली. त्या वेळी हवामान बदल हा शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत फारसा येतही नव्हता. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या जागतिक हवामान परिषदेत लहान बेट-राष्ट्रांची आघाडी उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एओसिस’ म्हणतात. आज तिच्यात ३९ देश आहेत. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब. कुणाचं पोट मासेमारीवर, कुणाचं पर्यटनावर. सिंगापूरसारखा श्रीमंत देशही त्यात आहे.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आंतरराष्ट्रीय वाटाघाटी रात्र-रात्र चालतात, एकाच वेळी दहा खोल्यांत. तुवालूसारख्या देशाकडे तिथं पाठवायला मोजकीच माणसं. मग त्यांनी विषय वाटून घेतले. एका देशाच्या माणसानं निधीच्या खोलीत बसायचं, दुसऱ्यानं जंगलांच्या, आणि बोलायचं ते सगळ्या ३९ देशांच्या वतीनं. माझ्या देशाचं नाव पुढं यावं हा हट्ट बाजूला ठेवल्याशिवाय असं होत नाही. शेजारच्या गावाचा सरपंच आपल्या वतीनं जिल्हाधिकाऱ्यांशी बोलला तर आपल्याला चालेल का? मी हे प्रत्येक गावात विचारतो. बहुतेक ठिकाणी आधी सगळे गप्प होतात.

एकत्र येऊन हाती काय लागलं?

१९९४ मध्ये या आघाडीनं मसुदा मांडला: श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत कर्बवायू १९९० च्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी कमी करावा. १९९७ च्या क्योटो कराराच्या वाटाघाटींत आलेला हा पहिला मसुदा. करारात तेवढी कपात आली नाही, पण मोठ्यांना बोलायला बसावं लागलं.

पुढची लढाई दीड अंशाची. जगाची तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवू, असं मोठे देश म्हणत होते. दोन अंशांत आम्ही संपतो, असं बेटांनी सांगितलं. जगायचं तर दीड अंश, हीच त्यांची घोषणा. २०१५ च्या पॅरिस करारात दीड अंशाचा उल्लेख आला तो या रेट्यामुळं. आज जग त्या दीड अंशाच्या अगदी तोंडाशी आलंय, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पण तो आकडा करारात नसता तर आज मोजायला मापही नसतं.

नुकसानभरपाई देणारा जागतिक निधी निघाला म्हणतात. पैसे मिळतात का?

मागणी १९९१ ची, वानुआतूनं आघाडीच्या वतीनं केलेली. निधी उभारायचा निर्णय झाला २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या परिषदेत. मध्ये एकतीस वर्षं गेली. २०२३ मध्ये दुबईत तो प्रत्यक्ष सुरू झाला. आजवर सत्तर कोटी डॉलरच्या वर रकमेची वचनं आलीत, आणि पहिल्या टप्प्यासाठी २५ कोटी डॉलर ठरवलेत. एका मोठ्या वादळात एकाच बेटाचं याहून जास्त नुकसान होतं. तेव्हा दार उघडलंय एवढंच आज म्हणता येईल.

पंचनाम्याशिवाय पैसे देणारा विमा असतो का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो का विचारला जातो ते मला ठाऊक आहे. पूर ओसरल्यावर आमच्या घरचा पंचनामा व्हायला इतके दिवस गेले, की तोवर चिखल काढून, भिंती धुऊन आम्ही परत राहायलाही लागलो होतो. पंचनाम्याला आलेल्या माणसाला दाखवायला भिंतीवरची पाण्याची रेघ तेवढी उरली होती.

असा विमा असतो. २००४ मध्ये ‘आयव्हन’ नावाचं चक्रीवादळ ग्रेनेडावर आलं. त्या एका दिवसात देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट नुकसान झालं. त्यानंतर कॅरिबियन देशांनी मिळून २००७ मध्ये एक सामायिक विमा निधी उभारला. सीसीआरआयएफ हे त्याचं नाव. वादळ एका वर्षी सगळ्या बेटांवर येत नाही. एकेकट्यानं विमा काढला तर हप्ता परवडत नाही, सोळा देशांनी एकत्र काढला तर परवडतो. पुन्हा तो पैराच.

यात नुकसान मोजत बसत नाहीत. वाऱ्याचा वेग किती, पाऊस किती, वादळ कुठून गेलं, हे आकडे आधी ठरलेले असतात. ठरलेली रेघ ओलांडली की चौदा दिवसांत पैसे सरकारच्या खात्यात जमा. १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ वादळ ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर धडकलं, तेव्हा या निधीतून ग्रेनेडाला सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. प्रशांत महासागरातल्या बेटांनीही अशीच सोय केली आहे. २०१८ च्या ‘गीता’ वादळानंतर टोंगाला तिथून सुमारे ३५ लाख डॉलर मिळाले.

याची दुसरी बाजूही गावात सांगितलीच पाहिजे. रेघ ओलांडली नाही तर काहीच मिळत नाही. ‘बेरिल’नं जमैकाचंही नुकसान केलं, पण तिथल्या १५ कोटी डॉलरच्या आपत्ती-रोख्याच्या (ठरलेली रेघ ओलांडली तरच पैसे देणारा, विम्यासारखाच रोखा) अटीत हवेचा दाब बसला नाही, आणि त्या रोख्यातून एक पैसाही आला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ‘मेलिसा’ आलं आणि त्याच रोख्याची पूर्ण रक्कम मिळाली. आपल्या भाषेत सांगायचं तर, विमा ४३ फुटांवर बांधला आणि पाणी साडेबेचाळीसवर थांबलं, तर भाताचं रान पाण्याखाली असूनही हात रिकामे. म्हणून रेघ कुठं आखायची हे ठरवताना शेतकरी त्या खोलीत असला पाहिजे.

आपल्या देशात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं उन्हाच्या तडाख्यासाठी असा विमा सदस्यांना मिळवून दिला आहे. तापमान ठरलेल्या आकड्यावर गेलं की पैसे खात्यात. राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी तर गावागावात पाठ असते. पावसाळ्यात सकाळी उठल्याबरोबर माणूस ‘किती फूट?’ असंच विचारतो. या आकड्यावर पूरगावांनी मिळून विमा मागावा, हे माझं मत. एकट्या गावाला कुठलीही कंपनी दारात उभं करणार नाही.

आणि कर्जाचं? पीक गेलं तरी हप्ता थांबत नाही.

ग्रेनेडानं यावरही मार्ग काढला. कर्ज घेताना करारातच कलम घातलं, की मोठं वादळ आलं तर ठरावीक काळ हप्ते थांबतील. ‘बेरिल’नंतर ते कलम त्यांनी वापरलंही. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली २०२२ पासून हीच मागणी साऱ्या जगापुढं रेटून मांडतायत. आपल्याकडे पूर आल्यावर कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी होते, मोर्चा निघतो, मग शासन निर्णय येतो. विकास सोसायटीच्या करारातच असं कलम आधी असेल तर मोर्चा काढायची पाळी येणार नाही.

आपत्तीच्या दिवशी बेटं एकमेकांच्या मदतीला कशी पोहोचतात?

कॅरिबियन देशांची १९९१ पासून एक सामायिक आपत्ती संस्था आहे, मुख्यालय बार्बाडोसला. तिनं प्रदेशाचे चार भाग पाडलेत आणि प्रत्येक भागासाठी एक आधारदेश नेमला आहे: जमैका, अँटिग्वा, बार्बाडोस आणि त्रिनिदाद. आपल्या भागातलं एखादं बेट कोसळलं की पहिली धाव आधारदेशाची. कुणी कुणाकडे जायचं हे वादळाआधी ठरलेलं असतं. २०१७ च्या ‘इर्मा’ वादळात बार्बुडा बेट उद्ध्वस्त झालं आणि तिथली झाडून सारी माणसं शेजारच्या अँटिग्वात हलवली गेली.

आपल्याकडे माणसं धावत नाहीत असं कुणी म्हणू नये. २०१९ ला कोल्हापूरच्या तालमी, गणेश मंडळं आणि व्हाइट आर्मी या स्वयंसेवी बचाव पथकाची पोरं ज्या तडफेनं पाण्यात उतरली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भाकऱ्यांच्या चळती किती गावांतून आल्या याला गणती नाही. पण तेव्हा एका गावात भाकरी वाळून जात होत्या आणि तीन किलोमीटरवरच्या वस्तीत लहान लेकराला दूध नव्हतं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून माणसं गेली, ती कुणीच विसरणार नाही. आपल्याकडे माया भरपूर आहे. कोणत्या गावानं कोणत्या गावाकडे जायचं, हे मात्र जूनमध्ये ठरलेलं असायला हवं.

जुन्या माणसांना पूर आधी कळायचा. ते खरं का?

इंडोनेशियात, सुमात्राजवळ सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथं त्सुनामी येऊन खूप माणसं मेली. वाचलेल्यांनी त्याची गाणी केली, गोष्टी केल्या: मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागं सरला, की डोंगराकडे पळा. त्या लाटेला ते ‘स्मोंग’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटापासून अगदी जवळ होतं. बेटावरची माणसं पाऊण लाखाच्या वर. ‘स्मोंग, स्मोंग’ ओरडत सगळी डोंगरावर गेली. मृत्यू झाले सात.

आपल्याकडे नृसिंहवाडीला दक्षिणद्वार होतं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढून मंदिरात उत्तरेच्या दारानं शिरतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. भाविकांसाठी तो स्नानाचा सोहळा. पण काठावरच्या म्हाताऱ्यांना तेच पाण्याचं मोजमाप होतं. दक्षिणद्वार झालं, आता अमक्या मळीत पाणी यायला एवढा वेळ, मग अमका ओढा भरणार. आमची आजी असं बोटांवर सांगायची. हे ज्ञान कुठं लिहिलेलं नाही. मोबाइलवर फुटांचा आकडा येतो, पण ‘आपल्या दारात किती फुटांना येतं’ हे त्या म्हाताऱ्या माणसालाच माहीत असतं. ते विचारून, लिहून ठेवायला फार दिवस उरलेले नाहीत.

मग सरळ नदीला भिंत घालावी का?

भिंत पाणी संपवत नाही, शेजाऱ्याकडे ढकलते. कितीतरी बेटांवर समुद्राला बांध घातले, आणि बांध संपतो तिथून पुढचा किनारा जास्त वेगानं खचू लागला. फिजीनं म्हणूनच काही ठिकाणी दगड, झाडं आणि गवत एकत्र वापरायला सुरुवात केली. खारफुटी जपणं तर जवळपास सगळीकडेच सुरू आहे. काही ठिकाणी भिंतीशिवाय इलाज नसतो, हेही खरं. मालेभोवती बांध आहेच, आणि तुवालूनं राजधानीला लागून समुद्रात भर घालून उंच जमीन केली आहे.

आपल्याकडचा भराव हा त्याच जातीचा प्रश्न. रस्ता उंच करताना त्याखालून पाणी जायला पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत तर रस्ता म्हणजे आडवी भिंतच होते. वरच्या गावात फूटभर पाणी जास्त चढतं. रस्ता हवाच, पण तो खांबांवर हवा, ही पूरगावांची मागणी मला रास्त वाटते.

गाव उठवून दुसरीकडे न्यावं का?

याचं उत्तर देताना माझा आवाज अजूनही जड होतो.

फिजीतलं वुनिडोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये समुद्रापासून सुमारे दोन किलोमीटर आत, डोंगराच्या बाजूला हलवलं. तीस घरं. हवामान बदलामुळं सरकारी योजनेतून हललेलं ते फिजीतलं पहिलं गाव. त्यांनी घरांसोबत अननसाची लागवड आणि मत्स्यतळी दिली, म्हणजे माणूस नव्या जागी पोट भरू शकेल हे पाहिलं. पण स्मशान मागं राहिलं. समुद्र लांब गेला. कोळ्याला समुद्र लांब म्हणजे आपल्याला रान लांब.

किरिबाटीनं २०१४ मध्ये फिजीत सुमारे वीस चौरस किलोमीटर जमीन विकत घेऊन ठेवली. तुवालूनं ऑस्ट्रेलियाशी केलेला करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासी तिकडे जाऊन राहू शकतात, आणि समुद्र वाढला तरी तुवालू देश म्हणून कायम राहील हे ऑस्ट्रेलियानं मान्य केलं आहे. जमीन गेली तरी देश राहतो का, हा प्रश्न आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत उभा राहिलाय.

आपल्याकडे चिखलीकरांना सोनतळीला जागा मिळाल्या. पूर आला की माणसं जनावरांसकट तिकडे जातात आणि पाणी ओसरलं की परत येतात. बाहेरचे म्हणतात, हे लोक हट्टी आहेत. मला तसं वाटत नाही. रान इथं, गोठा इथं, विहीर इथं, देव इथं. बाईनं दोन वेळची धार काढायला रोज चार किलोमीटर जायचं का? पुनर्वसनाच्या आराखड्यात आधी गोठा आणि वैरणीची जागा काढा, मग घर, असं मी म्हणतो. २०२१ ला कित्येक कुटुंबं पाणी चढायच्या आधीच जनावरं घेऊन निघाली. कायम न हलता वेळेवर हलणं हाही एक मार्ग आहे, फक्त वरची जागा वर्षभर नीट ठेवावी लागते.

शाश्वत विकास म्हणजे या सगळ्यात काय? पोटाचं काय?

दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही सहकाराची. म्हणून ती कोल्हापुरात चटकन कळतात.

पहिलं टूना माशाचं. प्रशांत महासागरातल्या काही देशांनी १९८२ मध्ये नाउरू इथं करार केला, आज त्यात आठ देश आहेत. आधी परदेशी जहाजं एकेका देशाला गाठून पडत्या भावात मासेमारीचा परवाना घेत. आठही देशांनी पुढं ठरवलं, की जहाजाला दिवसाच्या हिशोबानं परवाना, एकूण दिवस ठरलेले आणि दिवसाचा किमान दर सगळ्यांचा एकच. उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं आणि माशाची लूटही आवरली. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला गेलेल्या माणसाला यातलं मर्म सांगावं लागत नाही. दर एकानं मागितला तर भीक, सगळ्यांनी मिळून मागितला तर दर.

दुसरं डेन्मार्कमधल्या साम्सो बेटाचं. चार हजारांच्या आत वस्ती, मुख्यतः शेतकरी. १९९७ मध्ये या बेटाची निवड झाली: दहा वर्षांत स्वतःपुरती ऊर्जा वारा, ऊन आणि शेतातल्या काडावर निर्माण करायची. त्यांनी जमिनीवर अकरा आणि समुद्रात दहा पवनचक्क्या उभ्या केल्या. बऱ्याच पवनचक्क्यांत शेतकऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे भाग आहेत. म्हणून तिथं कुणी पवनचक्कीच्या आवाजाची तक्रार घेऊन आलं नाही, चक्की त्यांचीच होती. आपले साखर कारखाने बगॅसवर वीज करतातच. महापुरात मात्र आठ-आठ दिवस गावं अंधारात असतात, मोबाइल बंद, पाण्याची मोटार बंद. दूध संस्थेच्या किंवा शाळेच्या उंच छतावर सौर पॅनेल आणि बॅटरी असेल, तर निदान एक खोली उजेडाची राहील.

भारत यात कुठं आहे?

बराच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी शुद्धीकरण केंद्राला आग लागली आणि सबंध शहर पाण्याविना राहिलं, तेव्हा भारतानं विमानांतून आणि जहाजांतून पिण्याचं पाणी पाठवलं. २०१९ मध्ये भारताच्या पुढाकारानं आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांची आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली, कार्यालय दिल्लीला. २०२१ मध्ये ग्लासगोला त्याच आघाडीतून लहान बेटांसाठी ‘आयरिस’ नावाचा उपक्रम सुरू झाला.

आणि आपली स्वतःची बेटं आहेतच. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती. कवरत्तीत २००५ पासून समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढतात. ब्रह्मपुत्रेतलं माजुली म्हणजे नदीतलंच बेट, आपल्याला सगळ्यात जवळचं. तिथले मिसिंग लोक खांबांवर उंच घरं बांधतात, त्यांना चांग घर म्हणतात. पूर आला की पाणी घराखालून जातं.

काही पोरं कोर्टात गेली होती, त्याचं काय झालं?

२०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना मांडली: हवामानाबाबत देशांचं कर्तव्य काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावं. वानुआतूनं ती उचलली. इतर बेटं पाठीशी उभी राहिली. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयानं मत दिलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे सल्लावजा मत आहे, हुकूमनामा नव्हे. तरी ती पोरं कॉलेजातली होती, हे मी आपल्या कॉलेजांत मुद्दाम सांगतो.

वरच्या धरणांशी आणि कर्नाटकाशी बोलणार कोण?

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या पाण्याचा फुगवटा आपल्या पुराला किती कारणीभूत, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मी त्या वादात पडत नाही. एवढं नक्की, की कोयना, राधानगरी, वारणा, दूधगंगा आणि आलमट्टी यांतून केव्हा किती पाणी सोडायचं, हे दोन राज्यांनी एकमेकांना वेळेवर सांगितलं तर काठावरच्या माणसाला तयारीला वेळ मिळतो. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांची यासाठी बंगळूरला बैठक झाली. ती मंत्र्यांची होती. काठावरच्या गावांची अशी बैठक मी अजून पाहिलेली नाही. राजापूर बंधाऱ्याच्या खालची कर्नाटकातली गावंही आपल्यासारखीच बुडतात. सोयरीक तिकडे आहे, बाजार तिकडे आहे, जत्रा एक आहे. बोलायला अडचण कसली?

आमच्या गावानं सुरुवात करायची तर कशापासून?

मोठ्या आराखड्यापासून करू नका. शाळेच्या, देवळाच्या आणि दूध संस्थेच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ रंगवा, आणि त्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होतं ते शेजारी लिहा. शिरोळकरांनी आपल्या जवळच्या कृष्णेच्या मोजपट्टीचा आकडाही लिहावा. मग म्हाताऱ्यांना बसवून विचारा, इतक्या फुटांना कुठला रस्ता बंद होतो, आधी कुणाच्या गोठ्यात पाणी जातं. एक वही करा. त्यात अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बाया, डायलिसिसवर असलेले, आणि जनावरांची संख्या.

या वहीची प्रत वरच्या आणि खालच्या गावाकडे द्यायची, त्यांची आपल्याकडे घ्यायची. पाणी आमच्याकडे आलं की आमची म्हसरं तुमच्या माळावर, तुमच्या वस्तीत शिरलं की आमची काहिल आणि ट्रॅक्टर तुमच्याकडे, असं नावनिशीवार लिहून ठेवायचं. गेल्या वर्षी दोन गावांनी हे माझ्यासमोर केलं. मारुतीच्या देवळात बसून दीड तास लागला. वाद झाला तो वैरणीवरून, म्हशीला दिवसाला किती पेंढ्या धरायच्या यावरून. शेवटी चार ठरल्या.